स्टॅम्पर नवराबायकोची तबकडी

नोला कॉम्ब्सचा बाप रविवारी चर्चमध्ये उभा राहून भजनाची एकेक ओळ भराभर म्हणून टाकायचा, आणि मग सगळी मंडळी तीच ओळ संथ, लांबवत, ओढत न्यायची. त्या चर्चमध्ये वाद्य नव्हतं. पियानो नाही, ऑर्गन नाही, आणि गिटारचं तर नावही काढायची सोय नव्हती. "देवानं गळा दिलाय ना? मग लाकूड कशाला बडवायचं?" असं बाप म्हणायचा. नोला गाणं शिकली ती अशी, बाकावर बसून, चार बायकांच्या आवाजात आपला आवाज मिसळून. एकटीनं गायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

आणि तिनं लग्न केलं ते नेमकं गिटारवाल्याशी.

व्हर्लिन स्टॅम्पर स्लेट फोर्कच्या खाणीत छताला बोल्ट मारायचा. पुढच्या गड्यांनी कोळसा काढला की मागून जाऊन डोक्यावरच्या खडकात भोक पाडायचं आणि लांब पोलादी बोल्ट ठोकून छत धरून ठेवायचं. खडकाची पांढरी भुकटी आणि कोळशाची काळी, दोन्ही तोंडावर यायच्या. पाळी संपवून, मानेपर्यंत घासून अंघोळ करून तो ओसरीवर गिटार घेऊन बसला की त्याच्या छातीतून असा खर्ज निघायचा की रस्त्यानं जाणारी माणसं चालता चालता थांबायची. थांबणाऱ्यांत एकदा नोला होती. तिचा बाप लग्नाला आला नाही. "पोरीनं सैतानाच्या ओसरीवर बिऱ्हाड थाटलं," एवढं तो म्हणाला आणि त्यानंतर त्यानं तिचं नाव घेतलं नाही.

मूलबाळ झालं नाही. घरात तिघंच माणसं होती, हे दोघं आणि व्हर्लिनची आई डेल्फिया. म्हातारी अंगानं किरकोळ, पण जिभेला धार. सून त्या कडक चर्चवाल्याची लेक म्हणून आधी तिला आवडायची नाही, आणि पुढे सून गायला लागली म्हणून आवडायची नाही.

गायला लावलं ते व्हर्लिननं. काउंटीच्या मुख्य गावात छोटं रेडिओ स्टेशन होतं, शनिवारी सकाळी तिथं कुणीही जाऊन गावं. एका शनिवारी तो तिला घेऊन गेला. मायकासमोर उभी राहिल्यावर नोला दोन पावलं मागं सरली.

"मला एकटीला नाही जमायचं," ती म्हणाली.

"एकटी कुठं आहेस? मी खाली उभा राहतो, तू माझ्या डोक्यावर उभी राहा. छत धरायचंच काम आहे माझं," व्हर्लिन म्हणाला.

तेव्हापासून दोघं तशीच गायली. त्याचा आवाज खाली, जमिनीसारखा, आणि तिचा त्याच्यावर बारीक, ताणलेला. बापाच्या चर्चमधली ती ओढून न्यायची सवय तिच्या गळ्यातून गेली नाही, आणि तीच लोकांना आवडली. खाणीतले गडी व्हर्लिनला "ए गवई" म्हणून हाका मारायला लागले. "ए गवई, बायको वरच्या पट्टीत घरी पण असंच बोलते का रे?" "घरी याहून वर," तो म्हणायचा. अशी कितीतरी वर्षं गेली. स्टेशनवाले दर आठवड्याला त्याच फितीवर नवं ध्वनिमुद्रण करायचे, त्यामुळे आधीच्या शनिवारचं काही उरायचं नाही. उरावं असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

नॅशव्हिलचा लोमॅक्स टीग त्या भागातून मोटार हाकत चालला होता, तेव्हा त्यानं गाडीतल्या रेडिओवर त्यांना ऐकलं. तो गाण्याच्या तबकड्या काढणाऱ्या एका लहान कंपनीत काम करायचा. स्टेशनवर पत्ता विचारत तो सरळ घरीच आला. नोलानं त्याला राजम्याचं कालवण आणि मक्याचा पाव वाढला. तो जेवता जेवता म्हणाला, "खऱ्या नवराबायकोची गाणी हवीत मला. एक अख्खी तबकडी. दोन्ही बाजू."

"तुमच्या नॅशव्हिलात नवराबायको मिळत नाहीत का?" व्हर्लिननं विचारलं.

"मिळतात. पण एकमेकांशी बोलणारे मिळत नाहीत."

"आम्ही तरी कुठं बोलतो? भांडण नको म्हणून तर गातो."

टीग खदाखदा हसला. व्हर्लिनही हसला, आणि हसता हसता त्याला खोकला लागला. तो उठून बाहेर गेला, कठड्याला धरून वाकला आणि बराच वेळ खोकत राहिला. डेल्फिया म्हणाली, "त्याच्या बापाला पण असाच होता. खाणीतला दमा. त्यात काय एवढं." टीगनं ताटात मान घातली.

व्हर्लिनला छातीचा त्रास होता हे नोलाला माहीत होतं, किती होता ते माहीत नव्हतं. तो लपवायचा. चढावर थांबायचा आणि झाडाकडे बघतोय असं दाखवायचा. गाताना लांब ओळीच्या आधी गिटारवर दोन जास्तीचे फटकारे मारून श्वास भरून घ्यायचा. रेडिओवर ते खपून जायचं.

नॅशव्हिलच्या स्टुडिओत खपलं नाही. तिथं काचेपलीकडे लोक बसले होते, फिडलवाला, स्टील गिटारवाला असे कसलेले वादक होते, आणि घड्याळ होतं. पहिलं गाणं ठीक गेलं. दुसऱ्या गाण्यात व्हर्लिनची ओळ मध्येच तुटली. पुन्हा घेतली, पुन्हा तुटली. टीगनं स्टूल आणवलं, पाणी आणवलं, मधाचा चहा आणवला. "घाई नाही मिस्टर स्टॅम्पर, निवांत," तो म्हणत होता, पण वादक आपापल्या बुटांकडे बघायला लागले होते. व्हर्लिन घामानं निथळला. त्याचे ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा नोला म्हणाली, "आपण घरी जाऊ या."

"गप्प बस," तो म्हणाला. तिच्याशी तो असं कधी बोलला नव्हता. "सगळी गाणी होईपर्यंत मी इथनं हलणार नाही."

तीन दिवस लागले, पण सगळी गाणी झाली. शेवटी कुठल्याशा डॉक्टरच्या बंगल्याच्या ओसरीवर दोन खुर्च्या मांडून दोघांचा फोटो काढला. तबकडीचं नावच तसं ठरलं होतं, 'एक ओसरी, दोन खुर्च्या'. परतीच्या बसमध्ये व्हर्लिन खिडकीला डोकं टेकून झोपला. उतरताना म्हणाला, "जमलं की नाही?" नोला म्हणाली, "जमलं."

पानगळ सुरू झाली तेव्हा टीगचा फोन आला. नोलाच्या दोनतीन ओळी नीट करायच्या होत्या, एकटीच आली तरी चालेल म्हणाला. व्हर्लिनला रजा नव्हती. नोला बसनं गेली.

स्टुडिओत पोचली तेव्हा आत एक तरुण उभा होता. उंच, स्वच्छ कपड्यातला, हातात टोपी धरलेला. टीगनं ओळख करून दिली, "हा वेड हॅनली. दुसऱ्यांच्या तबकड्यांवर मागं गातो. याचं गाणं ऐकलेलं असेल तुम्ही, नाव ऐकलेलं नसेल." मग त्यानं कुणाला तरी खूण केली आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून गाणं सुरू झालं. नोलाचा आवाज होता. खाली व्हर्लिन होता. तोच हेल, शब्दाचं शेपूट गिळायची तीच लकब. फक्त ओळ तुटत नव्हती. ती जिथं संपायला हवी तिथपर्यंत, आरामात, जात होती.

नोलाला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती खुर्ची ओढून बसली.

"हा व्हर्लिन नाही," ती म्हणाली.

"मिस्टर स्टॅम्परांच्या आवाजावर तबकडी निघू शकत नाही, बाई. तुम्हीही तिथंच होता." टीगचा आवाज मऊ होता. "तबकडीवर नाव त्यांचंच राहील. फोटो त्यांचा. मानसुद्धा त्यांचाच. वेडला त्याचे पैसे मिळालेत, तो कुठं बोलणार नाही."

"त्याला विचारायला नको?"

"विचारा की. ते नाही म्हणतील आणि आपण हे सगळं कपाटात ठेवून देऊ. तुम्हाला माहितीये, ते नाहीच म्हणतील."

नोलाला माहीत होतं. तिला हेही माहीत होतं की व्हर्लिन घरी खाणीतल्या प्रत्येकाला तबकडी कधी येणार ते सांगत असेल. टीगनं संमतीचा कागद पुढे केला. तिनं सही केली. मग एका गाण्यातला तिचा भाग पुन्हा घ्यायचा होता तो घेतला. वेड हॅनली समोर उभा राहून गायला, तिला सोबत म्हणून. आणि त्या गाण्यात ती आयुष्यात गायली नव्हती अशी गायली. खालचा आवाज डळमळत नव्हता, कधी तुटेल याची धास्ती नव्हती, तिला फक्त वर जायचं होतं आणि ती गेली. काचेपलीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वच्छतागृहात जाऊन तिनं तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ नळ तसाच चालू ठेवला. सही केल्याचं पुढे तिनं स्वतःला कधीतरी माफ केलं. ते गाणं इतकं छान झालं, हे मात्र केलं नाही.

तबकड्यांचं खोकं टपालानं घरी आलं त्या दिवशी खाणीतले पाचसहा गडी, त्यांच्या बायका, शेजारीपाजारी, सगळे स्टॅम्परांच्या बैठकीत जमले. डेल्फियानं सफरचंदाचा केक भाजला होता. व्हर्लिननं दाढी केली होती. त्यानं तबकडी दोन बोटांनी कडेला धरून वर लावली, सुई टेकवली आणि खुर्चीत जाऊन बसला.

नोला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिला त्याचा चेहरा बाजूनं दिसत होता. त्याची पहिली ओळ आली. व्हर्लिनची मान किंचित वळली, कुणीतरी हाक मारल्यासारखी. मग तो तसाच स्थिर बसून राहिला, गाणं संपेपर्यंत.

"अरे गवया! खोकतोस तर म्हाताऱ्या कुत्र्यासारखा, आणि हा आवाज कुठं लपवून ठेवला होतास रे?" एक गडी ओरडला. सगळे हसले. डेल्फियानं डोळ्यांना पदर लावावा तसा ॲप्रन लावला.

"फिडल बरं वाजवलंय," व्हर्लिन म्हणाला.

पाहुणे गेल्यावर तो कोंबड्यांना दाणे टाकायला मागच्या अंगणात गेला. नोला त्याच्या मागून गेली. बरंच ऊन होतं अजून.

"कोण आहे?" त्यानं तिच्याकडे न बघता विचारलं.

"वेड हॅनली म्हणून आहे कुणी."

"चांगला गातो." त्यानं आणखी एक मूठ टाकली. "दम काय आहे रांडेच्याला."

"व्हर्लिन, मी..."

"तू त्याच्यासमोर उभी राहून गायलीस?"

"एकच गाणं."

"चौथं," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं. मग डबा उपडा करून झटकला आणि आत गेला.

त्यानंतर हा विषय त्यानं घरात काढला नाही. तबकडी फार मोठी गाजली असं नाही, पण त्यांच्या डोंगरात गाजली. दुकानात, पेट्रोल पंपावर, न्हाव्याकडे वाजायला लागली. लोक व्हर्लिनच्या पाठीवर थाप मारायचे, आणि तो टोपीला हात लावून "आभारी आहे" म्हणायचा. नोलाला वाटायचं, त्यानं एकदा आरडाओरडा करावा, एखादं ताट फोडावं. तो दुकानदाराचे आभार मानून घरी यायचा आणि गिटारला हात लावायचा नाही. कार्यक्रमांची बोलावणी आली ती सगळी त्यांनी परत पाठवली. टीग फोनवर आधी विनवण्या करायचा, मग चिडला, मग त्यानं फोन करणंच बंद केलं. शनिवारचा रेडिओही सुटला.

पुढच्या हिवाळ्यात व्हर्लिन खाणीत छताखाली कोसळला. गड्यांनी त्याला कोळशाच्या गाडीतून बाहेर आणलं. डॉक्टरनं एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाला, "आता खाली जायचं नाही. कोळशानं फुफ्फुसं खाल्लीत." काळ्या फुफ्फुसांच्या या रोगासाठी सरकारनं नुकताच कायदा केला होता, खाणमालकांनी अशा माणसाला दरमहा निवृत्तिवेतन द्यायचं. पण मालक सुखासुखी देत नव्हते. व्हर्लिनच्या कंपनीनं अर्ज फेटाळा म्हणून वकील उभा केला. आमच्या डॉक्टरला एक्स-रेत काही दिसत नाही, म्हणे. सिगारेट ओढत असेल. व्हर्लिनच्या बाजूनं मिस काउफमन नावाची तरुण वकील होती. बाहेरून खाणकामगारांसाठी फुकट लढायला आलेली, बोलताना हातवारे करणारी. डेल्फिया तिला "ती पवनचक्की" म्हणायची.

सुनावणी कोर्टाच्या इमारतीत होती. बाकांवर खाणीतले लोक येऊन बसले होते, कारण व्हर्लिनचं जे होईल तेच पुढे आपलं होणार हे त्यांना कळत होतं. व्हर्लिन बायबलवर हात ठेवून साक्षीला बसला. जिन्याच्या पायऱ्या चढूनच त्याला इतका दम लागला होता की नाव सांगायला दोन श्वास लागले.

कंपनीचा वकील ब्रॅन्सन उठला. त्यानं टेबलाखालून रेकॉर्ड प्लेयर काढला.

मिस काउफमननं हरकत घेतली, पण न्यायाधीशांनी ऐकायचं ठरवलं. ब्रॅन्सननं चौथंच गाणं लावलं. खोलीत नोलाचा आवाज वर चढत गेला आणि त्याखाली तो दुसरा आवाज, शांत, भरीव, ओळीमागून ओळ ओढत गेला. न्यायाधीशांची बोटं टेबलावर ताल धरायला लागली होती. त्यांच्या लक्षात आल्यावर त्यांनी हात मांडीवर घेतला.

"मिस्टर स्टॅम्पर," सुई उचलून ब्रॅन्सन म्हणाला, "माझी फुफ्फुसं ठणठणीत आहेत, पण एवढा सूर मला धरता येणार नाही. तुमचे डॉक्टर म्हणतात, हे मुद्रण झालं तेव्हा तुमच्या छातीत जागाच उरली नव्हती. हा आवाज तुमचा आहे?"

"तबकडीवर नाव माझं आहे."

"नाव वाचता येतं मला. मी आवाजाचं विचारतोय. शपथेवर आहात तुम्ही."

व्हर्लिननं बाकांवरच्या माणसांकडे बघितलं. मग नोलाकडे बघितलं. तिनं मान हलवली, खरं सांग म्हणून. त्याचा जबडा हलला.

"हो," तो म्हणाला. "माझा आहे."

मिस काउफमनचा हात हवेतच राहिला. ब्रॅन्सन खाली बसायला निघाला होता तेवढ्यात नोला उभी राहिली.

"खोटं आहे ते. तो नाही गायलेला. नॅशव्हिलचा दुसरा माणूस आहे. मी सही केली, मला माहीत आहे."

"बस खाली, नोला," व्हर्लिन म्हणाला.

"नाही बसत! या माणसाला जिना चढता येत नाही, तुम्हाला दिसत नाही का?"

न्यायाधीशांनी हातोडा आपटला. मागच्या बाकावरून कुणीतरी "हे देवा" म्हणालं, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं. व्हर्लिननं डोकं खाली घातलं ते सुनावणी संपेपर्यंत वर केलं नाही.

मोटारीतून परत जाताना घराचं वळण आलं तेव्हा व्हर्लिन म्हणाला, "तू बसून राहिली असतीस तर मी निदान गवई तरी राहिलो असतो."

"आणि निवृत्तिवेतन? खायचं काय आपण?"

"खायचं काय ते मलाही कळतं," तो म्हणाला.

मिस काउफमननं न्यायाधीशांकडून पुढची तारीख मागून घेतली. "मूळ फीत आणा," ती नोलाला म्हणाली. "तुमच्या नवऱ्याचा खरा आवाज तिच्यावर असेल ना? तुटलेल्या ओळी, खोकला, सगळं. ते ऐकवलं की संपलं." नोलाला हे सुचलंच नव्हतं. ती त्याच आठवड्यात नॅशव्हिलला गेली. त्या प्रवासात, खूप महिन्यांनी, तिला जरा हुशारी वाटली.

टीगनं तिला बसायला सांगितलं नाही. कोर्टातली गोष्ट त्याच्या कानावर आली होती आणि दुकानं माल परत पाठवायला लागली होती. "फीत नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"त्यांचा आवाज फितीच्या ज्या पट्टीवर होता, तिच्यावरच वेडचा घेतला. एक चढला की दुसरा पुसतो. यंत्रच तसं असतं. तुमची, वाद्यांची पट्टी वेगळी. त्यांची गेली."

"थोडी तरी असेल. एखादं गाणं?"

"बाई, मी कशाला लपवू? नाही ती."

ती बाहेर पायरीवर येऊन बसली. रेडिओच्या फिती पुसलेल्या, ही पुसलेली. व्हर्लिन स्टॅम्पर इतकी वर्षं गायला आणि त्याचा एक शब्दसुद्धा जगात कुठं शिल्लक नव्हता. त्याच्या जागी दुसरा आवाज चालेल, या कागदावर तिची सही होती.

वेड हॅनलीला तिनं एका खानावळीत गाठलं. तो भला माणूस होता, तिला बघून उभा राहिला, टोपी काढली. "मी येईन," तो म्हणाला. "साक्ष देईन, मिसेस स्टॅम्पर. मलाही ते टोचतंय." तारखेच्या दिवशी नोला कोर्टाच्या दारात उभी राहून प्रत्येक गाडीकडे बघत होती. तो आला नाही. नॅशव्हिलात त्याला पुन्हा काम मिळालं नसतं, हे तिला समजत होतं. ती त्याच्यावर धड रागावूही शकली नाही.

निकाल आला. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की नवरा शपथेवर एक सांगतो, बायको दुसरं, आणि दोघांपैकी कुणावर विसंबावं हे ठरवता येत नाही. अर्ज फेटाळला.

त्यानंतरचं वर्ष नोलाच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब वर्ष. ती शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवायला जायला लागली. व्हर्लिन खुर्चीतच बसून झोपायचा, आडवं झालं की घुसमटायचा. चाळीस वर्षं खाणीत काम केलेला गडी आणि त्याचं वजन पोरीसारखं झालं. गावातले लोक भेटायला यायचे तेव्हा गाण्याविषयी बोलणं टाळायचे. एकच जण, तो "ए गवई" म्हणून हाक मारणारा, सवयीनं तसं म्हणून गेला आणि जीभ चावून बसला. व्हर्लिन म्हणाला, "म्हण रे. सवयीचं झालंय."

एका रविवारी दुपारी, डेल्फिया चर्चमध्ये गेली असताना, तो म्हणाला, "ती तबकडी लाव."

"कशाला?"

"लाव म्हणतो ना."

तिनं लावली. चौथं गाणं आलं. तो डोळे मिटून ऐकत होता, आणि गुडघ्यावर त्याची बोटं गिटारच्या जागा धरत होती.

"तिसऱ्या ओळीत तो मध्ये श्वास घेतो," व्हर्लिन म्हणाला. थांबला, दम गोळा केला. "मी घेतला नसता. माझ्या चांगल्या दिवसांत."

"नसता घेतलास," नोला म्हणाली.

"तू मात्र..." पुन्हा थांबला. "तू काय गायलीस गं."

ती त्याच्या पायाशी बसली आणि तिनं त्याच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. त्यानं तिच्या केसांवर हात ठेवला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि तिनं विचारलंही नाही. मार्चमध्ये तो गेला, सकाळी, कॉफीचा कप हातात असताना.

डॉक्टरनं तिला बाजूला घेऊन सांगितलं. शवविच्छेदन करू दिलं तर फुफ्फुसं काढून तपासता येतील, मग कुठलाही वकील काही बोलू शकणार नाही, विधवा म्हणून तिला निवृत्तिवेतन मिळेल. डेल्फिया दाराआडून ऐकत होती. ती पुढे आली.

"माझ्या पोराला कापायचं नाही. आख्खा आला तसा आख्खा जाईल."

"आई, त्याला खोटं ठरवलंय त्यांनी," नोला म्हणाली.

"तू ठरवलंस! जिवंतपणी त्याचा गळा काढून घेतलास, आता मेल्यावर छाती काढून घेतेस?"

डॉक्टरनं पुढे केलेल्या कागदावर नोलानं सही केली.

फुफ्फुसं काळीकुळकुळीत निघाली, आणि जागोजागी दगडासारखी घट्ट. डॉक्टर म्हणाला, सुरी लागत नव्हती. या वेळी ब्रॅन्सननं फार ताणलं नाही, आणि निवृत्तिवेतन मंजूर झालं. डेल्फिया त्याच घरात, त्याच टेबलावर जेवत आणखी सहा वर्षं जगली आणि सुनेशी एक शब्द बोलली नाही. मीठ हवं असलं तरी उठून स्वतः घ्यायची. शेवटच्या आजारात नोलानंच तिचं सगळं केलं.

नोला पुन्हा कुठं गायली नाही. नॅशव्हिलहून कुणी तरी दोनदा येऊन गेलं, एकट्या बाईची तबकडी काढू म्हणून. तिनं त्यांना कॉफी पाजून वाटेला लावलं. कारखाना सोडून ती खाणकामगारांच्या दवाखान्यात लागली. तिथं श्वास मोजायचं यंत्र होतं. माणसानं नाकाला चिमटा लावून नळीत जोरात फुंकायचं आणि छाती रिकामी होईपर्यंत फुंकत राहायचं. बरेच गडी अर्ध्यातच सोडून द्यायचे. नोला त्यांच्या समोर उभी राहून त्यांना पुढे न्यायची, "आणखी, आणखी, सोडू नको, अजून आहे तुझ्यात, आणखी..." तिच्यासमोर फुंकलेला आकडा खरा असतो असं डॉक्टर म्हणायचे. विधवा झालेल्या बायकांना ती कोर्टात घेऊन जायची, आणि त्यांच्या शेजारी बसायची.

पुष्कळ वर्षांनी एक तरुण बोल्टवाला तपासणीला आला. चिमटा लावता लावता तिच्या छातीवरचं नाव वाचून थबकला.

"तुम्ही त्या स्टॅम्पर का? माझी आई तुमची तबकडी अजून लावते. ते खाली गाणारे तुमचे मिस्टर ना? काय आवाज होता हो!"

"नाही रे बाबा," नोला म्हणाली. "तो दुसराच होता. माझा नवरा त्याच्याहून चांगला गायचा." तिनं नळी त्याच्या हातात दिली. "सरळ बस. आता भर छाती आणि फुंक."